शिधा, वार आणि मनीऑर्डर : कुलाबा किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांचा खर्च

अलिबाग आणि महाड येथे १९६१ मध्ये महाविद्यालये निघाली. त्याआधी उरण ते श्रीवर्धन या किनाऱ्यावरच्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडून मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे शंभरहून अधिक वर्षे इथले उच्च शिक्षण हे परगावी राहून घेतलेले शिक्षण होते. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून ते रायगड झाले. बाहेर पडून शिकलेल्या मुलांच्या चरित्रांत गुण, पदव्या आणि पुढे मिळालेली पदे नीट नोंदलेली असतात. ती मुले राहिली कुठे, जेवली काय आणि त्याचे पैसे कोणी दिले, याचा उल्लेख ओझरता येतो. कोण पुढे शिकणार आणि कोण होडीवर, मिठागरात किंवा शेतावर जाणार, हे मात्र बहुतेक वेळा याच प्रश्नांनी ठरवले. कॉलेजची फी माफ होऊ शकत होती, शिष्यवृत्तीतून भागू शकत होती. दोन वेळचे जेवण माफ होत नव्हते.

किनाऱ्यावरच्या घरात धान्य थोडेफार असे, चणचण असे ती रोख पैशाची. खाडीकाठच्या खारजमिनीत भात, अष्टागरातल्या वाड्यांत नारळ-सुपारी, पेण-उरणकडे मिठागरे आणि सगळ्या किनाऱ्याला मासळी, अशी इथली मिळकत. यातल्या प्रत्येकाचा पैसा आपापल्या वेळेला हाती येई. भाताचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे, मिठाचा उन्हाळ्यात, मासळीचा नारळी पौर्णिमेपासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या, मिठागरे पाण्याखाली, आणि शेतकरी बी-बियाणे व लावणीच्या मजुरीसाठी सावकाराच्या दारी. कॉलेजचे वर्ष नेमके जूनच्या सुमारास सुरू होई. प्रवेशाची फी, पुस्तके, खोलीचे आगाऊ भाडे या साऱ्या मोठ्या रकमा त्याच महिन्यात लागत. शिवाय जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खोती असल्यामुळे कुळाच्या भातातला मोठा हिस्सा खोताकडे जाई. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. ज्या घरात वर्षाचे भातही पूर्ण आपले नव्हते, तिथून परगावच्या मुलाला दरमहा ठराविक रोकड पाठवणे शक्यच नव्हते. म्हणून इथल्या विद्यार्थ्याचा खर्च दीर्घकाळ पैशात कमी आणि वस्तूंत, श्रमांत व ओळखीपाळखीत जास्त भागवला गेला.

सर्वांत जुना मार्ग वार लावून जेवण्याचा. मुलगा आपल्या खेड्यातून हायस्कूलच्या गावी, म्हणजे अलिबाग, पेण, पनवेल किंवा महाडला येई आणि पुढे मुंबई-पुण्याला जाई. ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन तो घरे फिरे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळाली की आठवडा भरला. राहायला एखाद्या देवळाची ओवरी, कोणाची पडवी किंवा माळा. बदल्यात यजमानाकडे पूजेची फुले आणणे, विहिरीचे पाणी भरणे, बाजार करणे, लहान मुलांचे पाढे आणि परवचा घेणे अशी कामे असत. ती ठरवून सांगितलेली नसत, पण करावी लागत. या व्यवस्थेत महिन्याचा हिशेब करायचा नसे. हिशेब असे तो वारांचा. एखाद्या घरी सोयर-सुतक आले, यजमान यात्रेला गेले किंवा त्यांची बदली झाली की तो वार बुडे, आणि त्या दिवशी मुलगा आदल्या दिवशीच्या भाकरीवर किंवा शेंगदाण्यावर राही. सहाच वार मिळालेल्या मुलाचा सातवा दिवस कायमचा उपासाचा. एकादशीला यजमानाकडे फराळ असला तर तोही त्याच्या पानात पडे. मुलगा कोणाच्या घरात कसा वागतो, कोणत्या पंक्तीला बसतो, किती वाढून घेतो, याची चर्चा गावात होई. एका घराने वार काढून घेतला तर दुसरे घर मिळणे अवघड होई. पोट भरण्याची किंमत त्याला स्वाभिमानाने मोजावी लागे, आणि ही किंमत आठवणी लिहिणाऱ्या अनेकांच्या मनातून शेवटपर्यंत गेलेली नाही.

माधुकरी याहून कठीण. यात घरे ठरलेली, पण पान मांडलेले नाही. मुलाने सोवळे नेसून, झोळी घेऊन दारात उभे राहायचे आणि शिजलेल्या अन्नातला जो वाटा मिळेल तो गोळा करायचा. भात, आमटी, भाजी सारे एकत्र होई. पाच घरे फिरून शाळेची किंवा कॉलेजची वेळ गाठायची तर सकाळचा अभ्यास मोडे. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. केंब्रिजमध्ये ‘सायझर’ म्हणवले जाणारे गरीब विद्यार्थी श्रीमंत विद्यार्थ्यांची व शिक्षकांची कामे करून आपला खर्च भागवत. १६६१ मध्ये न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो असाच. तिकडे कामाच्या बदल्यातली ही सवलत कॉलेजच्या नियमांत लिहिलेली होती. इथे सारे काही यजमानाच्या मर्जीवर आणि मुलाच्या जातीवर अवलंबून होते.

जातीचा हा मुद्दा सोडून वार-माधुकरीचे कौतुक करणे अन्यायाचे होईल. ही दारे मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी उघडी होती. आगरी, कोळी, भंडारी, कुणबी मुलाला गावात वार लावता येत नव्हते, महार-चांभार मुलाला तर उंबऱ्याशी उभे राहता येत नव्हते. मुलींचा प्रश्नच त्या काळी कोणी विचारला नाही. परक्या घरी रोज एकटीने जेवायला जाणारी मुलगी समाजाला चालण्यासारखी नव्हती. समाजाने चालवलेली विद्यार्थी-मदतीची ही व्यवस्था खरी होती, तिने हजारो मुले शिकवली हेही खरे, आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला तिने बाहेर ठेवले हेही तितकेच खरे.

यजमानाच्या बाजूने ही व्यवस्था कशी दिसे, याचे एक चित्र विनोबा भावे यांच्या आठवणींत आहे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. वडील पुढे बडोद्याला नोकरीस होते. त्या घरात कोणी ना कोणी गरजू विद्यार्थी राहायला असे. आदल्या दिवशीचे उरलेले अन्न आई स्वतः खाई, जास्त असेल तर विनोबांना वाढी. बाहेरच्या विद्यार्थ्याला मात्र ताजेच अन्न मिळे. परक्या मुलाचे जेवण घराच्या खर्चात कसे बसवले जाई, हे यातून कळते: पैसे वेगळे काढून नव्हे, तर घरच्यांच्या ताटातून. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेतच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तिथे ते आणि त्यांचे सोबती दुपारी अन्नछत्रात जेवत. जेवणानंतर दोन पैसे दक्षिणा मिळे. त्यातून संध्याकाळी एका पैशाचे दही आणि एका पैशाची रताळी घेऊन ते रात्रीची भूक भागवत. काशीला शिकायला जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचा दिवसाचा हिशेब एवढाच होता.

मुंबईचा हिशेब वेगळा होता. या शहरात किनाऱ्याची माणसे आधीपासून होती: गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत, घरकामाला, सरकारी कचेऱ्यांत. शिकायला येणारा मुलगा पहिल्यांदा काका, मामा किंवा गाववाल्याच्या बिऱ्हाडी उतरे. गिरगाव, परळ, माझगावच्या चाळींतल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत आधीच सहा-सात माणसे असत. मुलाला मिळे ती चाळीच्या गॅलरीतली झोपण्याची जागा आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा सार्वजनिक वाचनालयात अभ्यास करण्याची मुभा. भाडे बहुधा मागितले जात नसे. पण खाणारे एक तोंड वाढले म्हणून गावाहून शिधा येणे अपेक्षित असे.

हा शिधा म्हणजे या किनाऱ्याच्या विद्यार्थ्याचे खरे भांडवल. गोणीभर तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, पोहे, सुके बोंबील, सुकट, जवळा, आमसूल, नारळ, पापड-मिरगुंडे, फणसाची साठे. मुंबईत जे विकत घ्यावे लागे ते घरून आले की रोख पैसा फक्त फी, पुस्तके, रॉकेल आणि दाढी-धोब्यासाठी उरे. सामान येई जलमार्गाने. रेवस आणि धरमतरहून मुंबईला आगबोटी आणि पडाव सुटत. मुरूड, दिघी, श्रीवर्धनला बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी लागत. महाडकडचा माल सावित्रीतून दासगाव बंदरामार्गे निघे. मुंबईत उतरायचे ते भाऊच्या धक्क्यावर. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा धक्का कोकणच्या माणसाच्या दृष्टीने मुंबईचा दरवाजाच होता. बंदराच्या आतल्या फेऱ्या पावसाळ्यातही चालू राहत. उघड्या समुद्रावरच्या मुरूड-श्रीवर्धनच्या बोटी मात्र पावसापूर्वी बंद होत त्या नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा सुरू होत. त्यामुळे दक्षिणेकडच्या मुलाला चार महिन्यांचा शिधा मे महिन्यातच आणून ठेवावा लागे. तांदळाला पोरकिडा लागू नये म्हणून बोरिक पावडर किंवा कडुनिंबाचा पाला, सुक्या मासळीला ऊन, अशा काळज्या घेत त्याला गोणी पुरवायची असे. जुलैअखेर गोणीचा तळ दिसला तर ऑगस्ट उधारीवर काढायचा, हा अनेकांचा दरवर्षीचा अनुभव.

ज्यांना नातेवाइकांकडे सोय नव्हती ते खोलीभागी शोधत. चार-पाच मुलांनी मिळून एक खोली घ्यायची, एक स्टोव्ह, दोन पातेली, एक तवा, आणि स्वयंपाकाची पाळी. हाताने करून खाणे स्वस्त पडे, पण वेळ खाई. परीक्षा जवळ आली की पाळ्या मोडत आणि मंडळी खाणावळीत जात. खाणावळी बहुधा विधवा किंवा एकट्या पडलेल्या बायका चालवत. मेंबराने महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, न जेवलेल्या दिवसांचे ‘खाडे’ महिनाअखेरीस कापून घ्यायचे, आधी सांगितल्याशिवाय खाडा धरायचा नाही. गावी जायचे असेल तर सलग काही दिवसांचे खाडे पडत, म्हणून सुट्टीची तारीख ठरवतानाही मुले खाडे मोजत. वाढणारी बाई आईसारखी असली तरी तिलाही वाण्याची उधारी चुकवायची असे. गिऱ्हाइकांनी महिने थकवले की तिची चूल बंद पडे. या बायकांच्या कष्टांवर मुंबईतल्या कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या जगल्या, पण त्यांची संघटना फार उशिरा उभी राहिली. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते १९७५ मध्ये.

रोख पैसा घरून यायचा तो मनीऑर्डरने. टपालखात्याने ही सेवा १८८० मध्ये सुरू केली. त्याआधी पैसे कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कनवटीला बांधून पाठवावे लागत. मनीऑर्डरमुळे महिन्याचे पैसे ही कल्पनाच प्रथम किनाऱ्यावरच्या घरांत रुजली. तोवर पैसा हंगामाला येई आणि हंगामालाच जाई. आता दर महिन्याला एका ठराविक आठवड्यात पोस्टमन मुलाच्या दारात यायला हवा होता. ते जमवण्यासाठी आईचा दागिना सोनाराकडे ठेवला जाई, वाडीतली सुपारी झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकली जाई. मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असे. तिथे वडील पुढच्या महिन्याला उशीर होईल, हे कळवत. मुलाकडून उलट टपाली खर्चाचा तपशील मागवला जाई, आणि आण्या-पैंत लिहिलेली वही सुट्टीत वडिलांपुढे ठेवावी लागे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत हीच मोजणी चालली.

शिष्यवृत्ती हे हुशार मुलाचे स्वप्न. नाना शंकरशेट १८६५ मध्ये वारले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास शिष्यवृत्ती ठेवली गेली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत ती मानाची ठरली. कुलाबा जिल्ह्यातल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना ती १९१२ मध्ये मिळाली. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील रोह्याला वकील होते. सुरुवातीचे शिक्षण रोहे-तळे भागात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, १९१५ मध्ये केंब्रिजचे जीझस कॉलेज आणि १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास झाला. वकिलाच्या घरात बुद्धिमान मुलगा जन्मला तर तो कुठवर जाऊ शकतो, हे त्यांच्या उदाहरणाने दिसते. पण शिष्यवृत्ती एकाला मिळे आणि उरलेली मुले खोलीभागी शोधत, हेही त्याच व्यवस्थेचे वास्तव आहे.

सावित्रीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपये मिळत, आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. त्यातूनही ते घरी पैसे पाठवत. १९२० नंतर लंडनमध्ये तर त्यांनी सकाळी पावाचा तुकडा आणि रात्री बोव्हरिलचा पेला व सोबत्याकडचे पापड यांवर दिवस काढले, पण पुस्तकांवरचा खर्च कमी केला नाही. पोटाला चिमटा घेऊन शिकण्याची ही पराकाष्ठा होती. आंबेडकरांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र असा नव्हता की इतरांनीही तसेच उपाशी राहून शिकावे. त्यांनी वसतिगृहे काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी इतिहासात राहिली; शिक्षणाचा प्रश्नही त्या चळवळीच्या केंद्राशी होता. १९२८ मध्ये आंबेडकरांच्या मागणीवरून मुंबई सरकारने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांना मंजुरी दिली, आणि पनवेल हे त्यांतले एक ठिकाण होते.

या वसतिगृहांनी खर्चाचे गणितच बदलले. वार-माधुकरीत मुलाला कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. वसतिगृहात ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण त्याच्या हक्काचे होते. १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तीही आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात असताना. तिच्यात फीबरोबर निर्वाहाचा भत्ताही धरलेला होता, आणि हे धोरणातले मोठे पाऊल होते. विद्यार्थी शिकतो तेव्हा तो जेवतोही, हे सरकारने कागदावर मान्य केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, जेणेकरून दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. कोकणातून आलेल्या आणि कचेरीत कारकुनी करून घरी पैसे पाठवणाऱ्या असंख्य तरुणांनी अशाच सकाळच्या वर्गांतून पदव्या मिळवल्या. त्यांच्या बाबतीत प्रवाह उलटा होता. मनीऑर्डर गावाहून येत नव्हती, गावाला जात होती.

दरम्यान गोणीवर चालणाऱ्या व्यवस्थेला महायुद्धाने धक्का दिला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि जिल्ह्यातून शहरात धान्य नेण्यावर निर्बंध लागले. स्वातंत्र्यानंतरही तांदळाच्या वाहतुकीवरची बंधने वेगवेगळ्या रूपांत दीर्घकाळ टिकली. स्वतःच्या शेतातला तांदूळ मुलासाठी मुंबईला नेणे हा गुन्हा ठरू लागला. थोडा-थोडा तांदूळ कपड्यांच्या पेटीत किंवा वळकटीत दडवून नेणारी माणसे धक्क्यावर पकडली जात. नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलाचे नाव रेशनकार्डावर चढवणे ही महत्त्वाची बाब झाली. घरच्या भाताने भागवलेला खर्च हळूहळू शहरातल्या वाण्याकडे वळला आणि रोख पैशाची गरज वाढली.

१९६१ ने या इतिहासाचे दोन भाग पाडले. अलिबागला जनता शिक्षण मंडळाचे आणि महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय त्या वर्षी सुरू झाले. पुढे पेण, पनवेल, उरणजवळचे फुंडे, मुरूड, श्रीवर्धन येथेही महाविद्यालये आली. पनवेल आणि फुंड्याची महाविद्यालये रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर पोहोचली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ करणारी ईबीसी सवलत आली. आता आगरी-कोळी-कुणबी घरातला मुलगा सकाळी भाकरी बांधून एस. टी.ने कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी परतू लागला. खोलीभाडे आणि खाणावळ हे दोन मोठे खर्च एकदम गेले. त्यांच्या जागी प्रवासखर्च आला. एस. टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्याला सुमारे एक तृतीयांश भाडेच द्यावे लागते, त्यामुळे तोही झेपू लागला. याचा सर्वांत मोठा फायदा मुलींना झाला. मुंबईला एकटीला पाठवायला तयार नसलेले वडील तिला पेण-अलिबागच्या बसमध्ये बसवायला तयार झाले. किनाऱ्यावरच्या पहिल्या पदवीधर स्त्रियांच्या पिढीत अशा ‘पासवाल्या’ मुली मोठ्या संख्येने आहेत.

सत्तरच्या दशकात खर्चाचे गणित पुन्हा बदलले, या वेळी जमिनीमुळे. नवी मुंबईसाठी सिडकोने उरण-पनवेलच्या गावांतली जमीन घेतली, पुढे न्हावा-शेवा बंदर आले. जासईचे दि. बा. पाटील यांनी या शेतकऱ्यांचा लढा चालवला आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. ज्या घरातून तांदळाची गोणी निघत होती त्या घराची शेतीच गेली. मोबदल्याची रक्कम काहींनी घर बांधण्यात, काहींनी मुलांच्या शिक्षणात घातली. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी विद्यावेतन ही मागणी त्यातूनच उभी राहिली आणि सिडकोने ती योजना सुरू केली. मासेमारीवर जगणाऱ्या कोळी घरांना असा मोबदलाही सहज मिळाला नाही, हे इथे नमूद करायला हवे. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते.

१९८९ मध्ये माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्यात प्रथमच उलटी वाहतूक सुरू झाली. महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुले कोकणात शिकायला आली. वसतिगृह, मेस, बाहेर महामार्गालगत डब्बा देणारी घरे, कॉटबेसिसवरच्या खोल्या हे सारे लोणेऱ्याच्या आसपास उगवले. खाणावळीचे ‘खाडे’ मेसमध्येही टिकले. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद हा नियमही. पनवेल, खारघर, कामोठे या भागांत खासगी अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापनाची महाविद्यालये निघाली तेव्हा तिथली खोली भाड्याने घेणे मुंबईपेक्षा फारसे स्वस्त उरले नाही. डिपॉझिट ही नवी रक्कम पालकांच्या डोक्यावर आली. चार मुलांच्या फ्लॅटमध्ये वीजबिल, गॅस आणि इंटरनेट यांची वाटणी आता मोबाइलवर होते. खर्चाची वही वडिलांपुढे ठेवण्याची पद्धत गेली, पण मागच्या महिन्याचे अंगावर किती, हा प्रश्न तोच आहे.

सरकारी मदत मात्र दीर्घकाळ महागाईच्या मागे राहिली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०१० मध्ये ठरलेला निर्वाह भत्ता सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा ५७० रुपये आणि घरून येणाऱ्याला ३०० रुपये होता. एवढ्यात खाणावळीचे दहा दिवसही निघणे कठीण. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींची फी ठराविक उत्पन्नमर्यादेपर्यंत पूर्ण माफ केली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या मुलीला पनवेलला राहावे लागते तेव्हा फीइतकाच, कधी फीहून मोठा असलेला राहण्या-जेवण्याचा खर्च तिच्या घराकडेच उरतो.

हा खर्च स्पष्टपणे मोजणारी अलीकडची योजना म्हणजे अनुसूचित जातींच्या, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या घरांना ती लागू होते आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि इतर निर्वाहाला ८,०००. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी, म्हणजे अलिबागसारख्या गावासाठी, ४३,००० रुपये: जेवणाला २५,०००, राहण्याला १२,००० आणि निर्वाहाला ६,०००. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी वेगळे ५,००० आणि इतरांना २,००० मिळतात. महाविद्यालयाची फी या आकड्यांत धरलेली नाही. तिच्यासाठी शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या योजना स्वतंत्र आहेत.